लाल रेघेच्या वर

रंगाऱ्यानं भिंती उरकल्या होत्या, चौकट तेवढी शेवटाला ठेवली होती. मी दारात उभी राहिले तर म्हणाला, "ताई, अंग चोरून या, भिंत वली हाय." मी अंग चोरलं. या खोलीत अंग चोरायची मला जुनी सवय आहे. दार बुटकं आणि मी उंच, त्यामुळं तीन वर्षं मी वाकूनच आत-बाहेर केलं. ज्या चौकटीखालून मी वाकून जायचे, तिलाच पाठ लावून भामा ताठ उभी राहायची. देवानं माप वाटताना आमच्या खोलीपुरती तरी नीट हिशेबानं थट्टा केली होती.

परभणीत रेल्वे फाटकाच्या पलीकडं, एका मावशींच्या वाड्यामागची ही पत्र्याची खोली. मावशींचा फोन आला होता, "खोली रंगवायलोत, तुमची शेगडी माळ्यावर पडलीय, न्या नाहीतर भंगारात घालते." मी पोलिसात आहे, पण मावशी अजून मला तशाच दटावतात. नोकरी दुसऱ्या जिल्ह्यात. काल तिथली भरतीची ड्यूटी संपली आणि आज गावाकडं जाताना मी इथं उतरले. शेगडी हे निमित्त. मला चौकट बघायची होती.

रेघा आहेत अजून. डाव्या बाजूच्या लाकडावर पेन्सिलीच्या बारीक आडव्या रेघा, एकीवर एक, एकीला चिकटून एक. मधल्या जागी इतक्या दाट की लाकूड काळं पडलंय. त्याच्या वर आणि खाली विरळ होत गेलेल्या. अगदी वरच्या टोकाला दोन-चार एकट्या, खालच्या टोकालाही तशाच. आणि काळ्या पट्ट्याच्या जरा वर, त्या विरळ रेघांच्या अलीकडं, एक लाल रेघ. ती पेन्सिलीची नाही, नेलपॉलिशची आहे. पोलीस भरतीला मुलींना लागते तेवढी उंची शिंप्याकडच्या टेपनं जमिनीपासून मोजून भामानं ती रेघ मारली होती. बाकीच्या सगळ्या रेघा भामाच्या उंचीच्या. माझ्या हातच्या.

भामा म्हणजे सत्यभामा. देवगाव फाट्याच्या आतल्या गावची, वर्गात माझ्या बाकावर बसणारी, खोलीत माझ्या शेजारी झोपणारी. तिला पोलीस व्हायचं होतं. देशसेवा वगैरे काही नाही. ती सरळ सांगायची, "मला टेबलाच्या अलीकडं बसायचंय. समोर मानूस उभा पाहिजे, आन् मी त्याला म्हनायचं, नाव सांगा." वडिलांनी तिला एका भरतीची मुदत दिली होती. तेवढी जमली तर जमली, नाहीतर मानवतचं अडतवाल्याचं स्थळ पक्कं. त्या लोकांनी पोरगी बघून आधीच होकार कळवला होता. मुलाची आई म्हणाली होती, "बसकी न्हाई, लय उंच बी न्हाई. मधली हाय, बरी हाय." भामा हे सासूच्या आवाजात करून दाखवायची आणि मग भाकरी थापताना पीठ जोरात आपटायची. जिथं तिथं मधली चालत होती, फक्त तिला जिथं जायचं होतं तिथं चालत नव्हती.

त्या दिवसांचा वास भिजवलेल्या हरभऱ्याचा आहे. पहाटे मैदानावर धुकं, धुक्यात धावणाऱ्या पोरांच्या बुटांचा थपथप आवाज, फाटकावर थांबलेल्या गाडीची लांबलचक शिट्टी, आणि ओल्या फडक्यातून मोड फुटायला आलेल्या हरभऱ्याचा तो कच्चा, मातकट वास. मी हरभरे खायला जायचे. भामा बारला लटकायला. लोखंड इतकं गार असायचं की हात चिकटायचा. ती डोळे मिटून लटकायची, पाय सोडून, दातावर दात धरून, आणि खाली उतरली की तळहात फुंकत विचारायची, "वाढल्यासारखी दिसायले का गं?" मी म्हणायचे, "हात लांब झालेत." खोलीवर परतलो की मावशी अंगणातून म्हणायच्या, "पडवळाला दगड बांधतेत लांब व्हायला. हिच्या पायाला बांध एखादा." भामा हसायची. हसताना अंग हलू द्यायची नाही. कुणीतरी तिला सांगितलं होतं की खदाखदा हसलं की पाठीचे मणके खाली बसतात. त्यामुळं ती फक्त तोंडानं हसायची आणि मानेखालचा सगळा देह स्थिर असायचा. ते बघून आम्हाला जास्तच हसू यायचं.

आणि मग आमच्या सरांनी संभाव्यता वितरण शिकवायला घेतलं.

आमचे संख्याशास्त्राचे सर म्हणजे खडूसारखा कोरडा माणूस. ते कुणावर ओरडत नसत. खरं बोलून ओरबाडत. पहिल्या दिवशी त्यांनी सुताचं एक रीळ आणलं आणि प्रत्येकाला आपल्यासमोरचं तेच एक टेबल मोजायला लावलं. जो तो आपलं माप फळ्यावर टाकून येत होता. एकाचं दुसऱ्याशी जुळेना. कुणी सूत ताणलं, कुणी ढिलं सोडलं, कुणाची गाठ सरकली. सर म्हणाले, "बघा, टेबल एक आहे आणि मापं भाराभर. पण ती कशीही पसरलेली नाहीत. मधे गर्दी, कडेला तुरळक. या पसरण्याला शिस्त आहे. हिलाच वितरण म्हणायचं." फळ्यावर खडूच्या फुल्यांचा ढीग उभा राहिला होता, मधे उंच आणि दोन्हीकडं उतरता, देवळातल्या घंटेसारखा.

भामानं हात वर केला. "सर, मानसाच्या उंचीचं बी असंच असतंय का? म्हंजे एकाच मानसाच्या?"

"असतं की. सकाळी जास्त, संध्याकाळी कमी. मोजणाऱ्याच्या हाताचा फरक वेगळा. तुझीही उंची म्हणजे एक आकडा नाही, एक घंटा आहे."

भामाचा चेहरा असा उजळला की मला भीती वाटली. सरांनीही तो पाहिला. ते थांबले आणि शांतपणे म्हणाले, "पण भरतीला घंटा घेऊन जाता येत नाही. तिथं एकच माप घेतात." वर्ग हसला. भामा कशाची तयारी करते हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तिनं हसणं ऐकलंच नाही. त्या संध्याकाळी खोलीवर येताना तिनं नेलपॉलिशची बाटली विकत घेतली. तिला सापडलं ते एवढंच की आपली उंची डगडगती आहे, आणि डगडगणारी गोष्ट कधीतरी रेघेच्या वरही जाते.

तेव्हापासून मोजणी रोजची झाली. उठल्यावर, आंघोळीनंतर, धावून आल्यावर, निजताना. संख्याशास्त्राचं जाडजूड पुस्तक तिच्या डोक्यावर आडवं धरायचं, त्याची कड चौकटीला टेकवायची, खाली पेन्सिल ओढायची. ती डोळे समोर लावून म्हणायची, "दाबू नको. पर ढिलं बी सोडू नको. खरं खरं मोज." मी खरं खरं मोजायचे. मला त्यात मजा यायला लागली होती. केसांना तिनं चोपडलेल्या खोबरेल तेलाचा वास पुस्तकाला लागला तो शेवटपर्यंत गेला नाही, अजून कुठं तेल तापलं की मला ते पुस्तक आठवतं. हळूहळू चौकटीवर मधला पट्टा काळा होत गेला आणि तो लाल रेघेच्या खाली होता. पण कधीमधी, लांब झोप काढून ती अंथरुणातून अलगद उठली की पेन्सिल लाल रेघेच्या वर पडायची. मग ती त्या एकट्या रेघेवर बोट ठेवायची. "हे बग. या टायमाला मी पास हाय."

थंडी सरता सरता सरांनी आम्हाला मैदानावर नेलं. चुन्याच्या फक्कीनं उंचीचे पट्टे आखले आणि आम्हा मुलींना आपापल्या पट्ट्यात रांगेनं उभं केलं. ते स्वतः गच्चीवर गेले. दरवर्षीचा त्यांचा हा आवडता खेळ होता. वरून त्यांना माणसांचा आलेख दिसायचा. मी उजव्या टोकाला एकटी, कावळ्यासारखी. भामा अगदी मधल्या, सगळ्यांत लांब रांगेत. मग सरांनी शिपायाला एक दोरी टाकायला सांगितली, भरतीच्या उंचीची. ती दोरी भामाच्या रांगेला घासून पडली. डावीकडं निम्म्याहून जास्त वर्ग, उजवीकडं आम्ही थोड्या.

सर गच्चीवरून म्हणाले, "लक्षात ठेवा. दोरी टोकाला टाकली तर एखाद्याच्याच गळ्याला लागते. गर्दीत टाकली की अनेकांच्या, आणि तीही केसाच्या फरकानं."

आम्ही सगळ्या खो खो हसलो. उन्हात फक्की डोळ्यांना झोंबत होती. भामा नुसतं तोंडानं हसत होती आणि पायाशी पडलेल्या दोरीकडं बघत होती. मग तिनं कुणाला दिसणार नाही अशा बेतानं टाचा थोड्या उचलल्या. मला दिसलं.

भरती दुसऱ्या जिल्ह्यात होती. तिच्या सोबतीला म्हणून मीही अर्ज भरला होता. तिच्या वडिलांनी गावातली जीप केली. भामाची योजना पक्की होती, माप होईपर्यंत उभं राहायचं नाही. उभं राहिलं की उंची उतरते. म्हणून आदल्या दिवसापासून ती आडवी होती आणि पहाटे आम्ही तिला सतरंजीसकट उचलून जीपच्या मागच्या सीटवर ठेवलं. डोकं माझ्या मांडीवर, पाय खिडकीबाहेर. देवगाव फाट्याला जीप चहाला थांबली. वडिलांनी तिच्यासाठी बशीत चहा आणला आणि मी तो झोपलेल्या बाईच्या तोंडात ओतला. निम्मा कानात गेला. टपरीवरचा एक जण टॉवेल सावरत जवळ आला, पायांकडं बघून हलक्या आवाजात म्हणाला, "मयत कुठं न्यायलेत?"

"मयत न्हाई, भरतीला चाललीय," वडील म्हणाले.

सगळी टपरी हसली. ड्रायव्हर हसला, वडील हसले, मी तर इतकी हसले की तिचं डोकं माझ्या मांडीवर हलायला लागलं. भामा खालून म्हणाली, "हलू नको गं बये, मनका बसंल." तिचा चेहरा हसत होता आणि कानातून चहा गळत होता. अख्ख्या आयुष्यात मी इतकी मनापासून कधी हसले नसेन. आता त्या टपरीवरून एसटी जाते तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघते.

मैदानावर तिनं रांगेतसुद्धा सतरंजी टाकली. एका बाईनं दटावलं, "उठा, हे काय लग्नाचं बिऱ्हाड आहे का?" ती उठली ते थेट पट्टीखालीच. माझं माप तिच्या आधी झालं, मोजणाऱ्यानं वर न बघताच मला पुढं ढकललं. मग पट्टी भामाच्या डोक्यावर आली. बरोबर रेघेवर. ना वर, ना खाली. "पात्र," तो म्हणाला आणि पुढचं नाव पुकारलं.

भामा बाहेर आली आणि तिनं उड्या मारल्या. इतके महिने जपलेल्या त्या देहानं, ज्याला ती हसूही देत नव्हती, त्यानं लहान पोरासारख्या उड्या मारल्या. धावण्याच्या चाचणीत ती वाऱ्यासारखी पळाली. वडिलांनी पेढ्यांचा पुडा आणला आणि दिसेल त्याला वाटत सुटले, अनोळखी पोरींना, पाणीवाल्याला, मघाच्या दटावणाऱ्या बाईला. "घ्या, पोरगी पोलीस झाली." भामा एका रिकाम्या टेबलाजवळ गेली, त्याच्या अलीकडं उभी राहिली आणि मला म्हणाली, "नाव सांगा." मी नाव सांगितलं. "गाव?" गाव सांगितलं. तिचा आवाज खराच पोलिसाचा येत होता.

भामा अर्धा दिवस पोलीस होती.

दुपारी भोंग्यावरून सांगितलं, ज्यांचं माप अगदी काठावर आलंय त्यांनी परत या, साहेब स्वतः बघणार आहेत. ऊन डोक्यावर आलं होतं. ती सकाळपासून उभी होती, धावली होती, नाचली होती. "मला जरा आडवं होऊ द्या," ती म्हणाली, "अर्धा घंटा." साहेबांच्या भोवतीची माणसं हसली. साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, "बेटा, पोलीस आडवी कुठं असते?" पट्टी खाली आली. पेन्सिलीच्या टोकाएवढं कमी भरलं. आमच्या चौकटीवर एवढा फरक रोज पडायचा. मी तो कितीदा पेन्सिलीनं ओढला होता.

परतताना भामा पूर्ण वाट ताठ बसून आली. देवगाव फाट्याला टपरीवाल्यानं विचारलं, "झाली का भरती?" वडिलांनी उरलेल्या पेढ्यांचा पुडा त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, "अभिनंदन."

परीक्षेपुरती ती कॉलेजला आली, हळदीच्या आधी. सरांनी वर्गात विचारलं, "एकाच माणसाची, एकाच दिवशी, एकाच पट्टीनं दोन मापं. खरं कोणतं?" त्यांनी नाव घेतलं नाही, पण बघितलं तिच्याकडंच. भामा उठून म्हणाली, "दुसरं, सर. त्याच्यानंतर कुनी मोजत न्हाई ना." सर म्हणाले, "चूक. खरं एकही नाही. खरं फक्त वितरण." मग म्हणाले, "बसा." ते उदाहरण ते अजून देतात, माझ्या धाकट्या चुलत बहिणीनं मला सांगितलं. मला त्या माणसाचा तेव्हाही राग आला आणि आजही येतो. राग जास्त येतो तो त्यांचं गणित बरोबर असतं म्हणून.

"ताई, मारू का हात?" रंगाऱ्यानं विचारलं. ब्रश त्याच्या हातात थबकला होता.

"थांबा जरा," म्हणून मी भामाला फोन लावला. मानवतला तिचं घर अडतीच्या मागंच आहे, फोन उचलला की आधी पोती पडल्याचा आवाज येतो, मग तिचा.

"काय गं फौजदारीन?"

"खोलीवर आलेय. चौकट रंगवायलेत."

"रंगवू दे की. पेन्सिलीचं जाईल. लाल न्हाई जायची, तेवढी खरवडून काढाय लाव." मग म्हणाली, "काल तुमच्याकडं भरती व्हती म्हनं. तू कुठं व्हतीस? बंदोबस्ताला?"

"मापाला."

पोत्यांचा आवाज थांबला. ती बहुतेक फोन घेऊन आत गेली.

"काठावर व्हतं का कुनी?"

होती. तिला दोन भावांनी हातांच्या झुल्यावर उचलून आणलं होतं, पाय जमिनीला लागू न देता. टाळूवर मेंदीचा जाड थर, तेवढीच उंची वाढावी म्हणून. माझ्यासमोर उभी राहिली तेव्हा तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. ती पुटपुटली, "ताई, दाबू नका." मी दाबलं नाही. ढिलंही सोडलं नाही.

"होती एक," मी म्हणाले.

"सकाळी?"

"भरली."

"दुपारी पुन्हा घेतलं असंल."

"घेतलं."

"मंग?"

मी लाल रेघेच्या जरा खाली बोट ठेवलं. भामानं पुढचं विचारलं. "कुनी मोजलं?"

"मीच."

"मंग बरोबरच असंल," भामा म्हणाली. "तुझा हात कवाच चुकत न्हाई."

मला वाटलं, आता ती फोन ठेवेल. ठेवला नाही.

"सकाळी पेढे वाटले व्हते का गं तिच्या मानसांनी?"

"वाटले."

"तू खाल्लास?"

"खाल्ला."

भामा हसली. तिकडून आवाज आला तो फक्त तोंडाचा, तसाच, मानेखाली काही न हलवता.